अठरावा दगड

जॉर्जियातल्या वेलिसुबानी गावाच्या उत्तरेला सीमेच्या हिरव्या पाट्या लागल्या तेव्हा अमिरान कोबाइद्झे याने इतरांप्रमाणे शिव्या दिल्या नाहीत. त्याने चष्मा पुसला आणि पाट्यांच्या रांगेवर एक डोळा मिटून नजर धरली. रांग सरळ होती. वेलिसुबानीच्या परिसरात सरळ असे काहीच नव्हते. ओढा नागमोडी होता, गाडीवाट वाकडी होती, डोंगराची धारही वेडीवाकडी. निसर्गात अकराशे मीटर सरळ रेघ सापडली, तर ती माणसाने ओढलेली असते. आणि ही रेघ कोणत्या माणसाने ओढली आहे, हे जगात फक्त अमिरानला माहीत होते.

अठ्ठ्याहत्तर वर्षांचा अमिरान चाळीस वर्षे सरकारी भूमापक होता आणि निवृत्तीनंतर वेलिसुबानीतच राहत होता. त्याने मोजलेले अंतर पुन्हा मोजण्याची गरज पडत नाही, असे कचेरीत म्हणत. ते खरे होते. एक अपवाद सोडून.

तो अपवाद १९८३ च्या शरदातला. दोन सामूहिक शेतांमधली हद्द नकाशावर चढवायची होती. हीच हद्द उत्तरेकडच्या स्वायत्त जिल्ह्याचीही होती, पण त्या काळी या गोष्टीला कवडीची किंमत नव्हती. अलीकडे सफरचंदे, पलीकडेही सफरचंदे, आणि दोन्हीकडच्या पेट्या एकाच मालगाडीने मॉस्कोला जात. हद्दीवर जुने, आकडे कोरलेले दगड होते. पहिल्या दिवशी अमिरानने तेरा दगड मोजले. चौदाव्याकडे निघाला तेव्हा वाटेत गिओर्गाद्झे यांचे घर लागले आणि घरी द्राक्षतोडणी चालू होती.

द्राक्षतोडणीच्या दिवसांत दारावरून जाणारा माणूस जेवल्यावाचून पुढे जात नाही. जेवायला बसलेला माणूस मेजाच्या यजमानाने परवानगी दिल्यावाचून उठत नाही. आणि म्हातारे गिओर्गाद्झे यजमान असले की पूर्वजांच्या नावाचा प्याला पहिल्या दिवशी मावळतीला येई, आणि जन्माला न आलेल्या नातवंडांचा दुसऱ्या दिवशी दुपारी. अमिरानची मोजणीची तिपाई दोन दिवस मळ्यात उभी होती. कोणीतरी तिच्यावर टोपी ठेवली होती. तिसऱ्या दिवशी गाडी त्याला न्यायला आली. कचेरीत बसून त्याने तेरा आणि वीस या दोन दगडांमध्ये पट्टी ठेवली आणि रेघ ओढली. मधले सहा दगड त्या रेघेवर असतील, असे त्याने गृहीत धरले.

मन खाऊ लागले म्हणून पुढच्या वसंतात तो स्वखर्चाने परत आला आणि ते सहा दगड त्याने नीट मोजले. ते रेघेवर नव्हते. चौदा ते सोळा हे दगड उत्तरेकडे झुकत होते, सर्वांत जास्त चौऱ्याऐंशी मीटर. सतरा ते एकोणीस दक्षिणेकडे, सर्वांत जास्त एकसष्ट. तो मोजणीवही घेऊन साहेबांकडे गेला. नकाशा छापायला गेला होता.

"कोबाइद्झे," साहेब म्हणाले होते, "दोन्ही बाजूंना आपलंच राज्य आहे. या साठ-सत्तर मीटरवरून कोण कुणाशी भांडणार आहे? वही ठेवा आणि गप्प बसा."

तर्क त्या वेळी बिनचूक होता. १९९१ मध्ये ते राज्यच संपले, कचेरीतले कागद अंगणात जाळले जाऊ लागले, तेव्हा अमिरानने ती एक वही कोटाच्या आत घालून घरी आणली. पुढे दोन युद्धे झाली. दुसरे, २००८ चे, पाच दिवस चालले. मग रशियन सैनिक पलीकडे, त्या स्वायत्त जिल्ह्यात, राहिले ते राहिलेच, आणि काही वर्षांनी त्यांनी अमिरानची रेघ ज्यात होती त्या जुन्या लष्करी नकाशावरची हद्द पाट्या आणि काटेरी तार लावून जमिनीवर उतरवायला घेतली. दरवर्षी थोडी थोडी, एकेका गावात. तिला ते राज्याची सीमा म्हणत. या वसंतात वेलिसुबानीची पाळी आली.

त्या सरळ रेघेच्या उत्तरेला, अवघ्या तीस मीटरवर, गिओर्गाद्झे यांचे घर होते. म्हातारे जाऊन पंचवीस वर्षे झाली, त्यांचा मुलगा जाऊन अकरा. घरात आता सून एकटी होती. नातेला, वय सत्तर.

अमिरानच्या पेटीत आणखी दोन नकाशे होते. एक झारच्या काळचा, पणजोबांच्या वेळचा. त्यावर ही हद्दच नव्हती, कारण दोन्ही बाजू झारच्या होत्या. जॉर्जियाच्या राजाने आधी संरक्षण मागितले होते. ते देण्यात आले आणि नंतर कधी परत घेण्यात आले नाही. दुसरा नकाशा लाल सैन्य आल्यानंतरच्या वर्षांतला. त्यावर हद्द होती, पण तुटक आणि शिसपेन्सिलीने, म्हणजे काढणाऱ्यालाही तिची खात्री नसावी. तिसरा त्याचा स्वतःचा. दोनशे वर्षांत तीन वेळा उत्तरेकडून मोजणीवाले आले होते, आणि प्रत्येक वेळी नकाशा नंतर झाला, सैन्य आधी. अमिरानला भ्रम नव्हता. शेजारच्या गावात नकाशा बिनचूक होता, तरी तिथली तार त्याच्याही तीनशे मीटर पुढे आली होती. आपल्या चुकीमुळे तार आली नाही, हे त्याला कळत होते. चुकीने फक्त ती कुठून जाणार ते ठरवले. पण त्या 'फक्त'मध्ये एक घर होते.

युरोपचे निरीक्षक निळ्या बंड्या घालून आले. त्यांनी पाट्यांचे फोटो काढले, नातेलाशी दुभाष्यामार्फत बोलले आणि सर्व काही नोंदवून घेतले. नोंदवणे एवढेच त्यांचे काम होते आणि ते त्यांनी चोख केले.

शनिवारी सकाळी अमिरान वही आणि मोजपट्टी घेऊन बाहेर पडला. चाळीस वर्षांनी दगड जागेवर आहेत का, ते पाहायचे होते. चौदा, पंधरा, सोळा सापडले. नातेलाच्या अक्रोडापलीकडे, गवतात. म्हणजे खऱ्या हद्दीने नातेलाचे घर निर्विवाद अलीकडे होते. त्याला हलके वाटले. सतरावा ओढ्याच्या काठी होता. मग तो अठराव्याकडे निघाला आणि गावाच्या झऱ्यापाशी येऊन थांबला.

अठरावा दगड त्याने रोज पाहिला होता, पण झरा त्याच्या कुठल्या अंगाला येतो हे पाहण्याचे कारण कधी पडले नव्हते. झऱ्याच्या तोंडापासून तीन मीटर दक्षिणेला तो बसका दगड होता. बायका त्यावर घागर टेकवत, म्हातारे बसत. उत्तरेच्या अंगाला शेवाळाखाली बोट फिरवल्यावर कोरीव आकडा लागला, 18. म्हणजे सरळ रेघेने झरा गावाचा होता, अठ्ठावन्न मीटर अलीकडे. खऱ्या रेघेने तो तीन मीटर पलीकडे होता. पाटाचे पाणी वरून आधीच तोडले गेले होते. एकशे बारा उंबऱ्यांना हा एकच झरा उरला होता.

"काय काका, रशियनांचं काम हलकं करताय का?" मागून आवाज आला. गावचा निवडून आलेला कारभारी जुम्बेर दोन डबे घेऊन पाण्याला आला होता. "पट्टी आवरा. त्यांनी बघितली तर म्हणतील, बरं झालं, मोजणीचा माणूसही इथंच मिळाला."

"दगड बघत होतो."

"दगड बघा, धोंडे बघा. पण त्यांच्याशी बोलायला जाऊ नका. 'ही रेघ चुकलीय' म्हटलं की दुसरी बरोबर आहे असं कबूल केल्यासारखं होतं. चोराला सांगायचं का, बाबा रे, कपाट हे नव्हे, ते?"

अमिरानने पट्टी गुंडाळली. जुम्बेरचे म्हणणे तर्काला धरून होते. पण जुम्बेरचे घर शाळेजवळ, रेघेपासून लांब होते.

रविवारी दुपारी त्याने वही मेजावर उघडली, पोलादी पट्टी ठेवली आणि पात्याने एकविसावे पान शिवणीलगत कापून काढले. सतरा ते एकोणीस या दगडांचे कोन आणि अंतरे त्या पानावर होती. आयुष्यात एकदा त्याने न मोजलेले लिहिले होते. आता तो मोजलेले लपवत होता. दोन चुका एकमेकींना रद्द करतात, असे गणितात कधी कधी घडते.

सोमवारी नातेलाच्या कुंपणापाशी सैनिक खांबांसाठी खड्डे मारत होते. त्यांचा अधिकारी, कॅप्टन सिझोव, तिशीचा, उन्हाने नाक सोललेला. अमिरानने त्याला वही दिली आणि शुद्ध, कचेरीतल्या रशियन भाषेत काय ते सांगितले. सिझोवने आधी कंटाळून पान उलटले, मग सावकाश. मग तो खांबांच्या ढिगावर बसला.

"तुम्ही केलेली मोजणी आहे ही?"

"हो."

"आजोबा, एक खाडाखोड नाही! आम्हाला शिकवायचे तेव्हा अशा वह्या दाखवायचे. मला वाटायचं, मास्तर थापा मारतात." त्याने यंत्रावर आकडे भरले, अक्रोडाकडे पाहिले. "बरोबर आहे. नकाशा चुकलाय. या बाईंचं घर तुमच्या बाजूला येतं."

अमिरानने श्वास सोडला. सिझोव पुढचे पान पाहत होता.

"सोळाव्यावरून तुमचा पुढचा कोन दक्षिणेला वळलाय," तो म्हणाला. "सतराव्या दगडाकडं. पुढं?"

"पुढं एवढंच आहे."

सिझोवने वहीचे शेवटचे पान उघडले आणि मोठ्याने वाचले: "'या वहीत चोवीस पाने असून ती शिवलेली व मोहोरबंद आहेत.' सही तुमचीच ना?" मग त्याने अंगठ्याने पाने मोजली. "तेवीस. आणि काप ताजा आहे. कडा अजून पांढरी आहे बघा."

पानांची संख्या शेवटच्या पानावर लिहिण्याचा नियम कशासाठी होता, हे अमिराननेच कितीतरी उमेदवारांना शिकवले होते.

"हे बघा," सिझोव म्हणाला. आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होते. "मी वरती कळवू शकतो. चूक दाखवून दिली तर मलाही शाबासकी मिळेल. पण अर्धी रेघ हलत नाही. अख्खी हलवायची, नाहीतर आहे तशी राहू द्यायची. शुक्रवारी मी झऱ्याकडं येतो. पान आणा."

"वही द्या परत."

सिझोवने वही मिटून मुखपृष्ठ त्याच्यापुढे धरले. "वाचा. 'राज्याची मालमत्ता.'"

"कुठल्या राज्याची? ते राज्य वारलं."

"वारस आहेत ना," सिझोव म्हणाला, आणि वही आपल्या पिशवीत घातली.

मंगळवारी अमिरान नातेलाकडे गेला. ती अंगणातल्या मातीच्या भट्टीत पाव लावत होती. कंबरेपासून वाकून हात आत घालायचा, कणीक तापलेल्या भिंतीवर थापायची, आणि केस जळण्याआधी वर यायचे.

"या भाऊजी. बसा तिकडं, धूर येईल."

"वहिनी, एक सांगायचंय. ऐकून घ्या. मध्ये बोलू नका."

त्याने सगळे क्रमाने सांगितले: तोडणीचे दोन दिवस, पट्टी, सहा दगड, साहेब, कापलेले पान, सिझोव. एकही आकडा गाळला नाही. नातेलाने चार पाव लावले, हात झटकले आणि मग म्हणाली,

"म्हणजे मामंजींच्या दारूनं माझं घर गेलं?"

"दारूचा दोष नाही. मला उठता आलं असतं."

"त्या मेजावरून? मामंजींच्या पुढून?" ती हसली, पण डोळे हसले नाहीत. "उठला असता तर त्यांनी तुम्हालाही मडक्यात घालून पुरलं असतं, वाइन पुरतात तसं. तुमचे प्याले मीच भरत होते. तुमच्या तिपाईला टोपी घातली तीसुद्धा मीच." मग एकदम तिचा आवाज चढला. "पण चाळीस वर्षं, भाऊजी! चाळीस वर्षं माझ्या घरी येऊन अक्रोड खाल्लेत, आणि एकदा म्हणाला नाहीत, वहिनी, तुमचं घर कागदावर भलतीकडं आहे!"

"कागदाला किंमत नव्हती तेव्हा."

"कागदाला कधीच नसते. ज्याच्या हातात बंदूक असते त्यानं धरला की येते." ती भट्टीच्या कडेवर टेकली. धूर तिच्या मागून सरळ वर जात होता. "आता मला सांगा. पान दिलं नाही तर?"

"घर पलीकडं जातं. झरा गावाकडं राहतो."

"आणि दिलं तर?"

"घर अलीकडं राहतं. झरा पलीकडं जातो."

नातेलाने डोक्याच्या रुमालाने कपाळ पुसले आणि बादलीकडे पाहिले. बादली झऱ्याच्या पाण्याने भरलेली होती. कणीक त्याच पाण्याने मळली होती.

"म्हणजे मी तारेच्या या अंगाला असले तर पाणी त्या अंगाला, आणि मी त्या अंगाला तर पाणी या अंगाला."

"हो."

"माझी बादली दोन्हीकडून कोरडी. मग निदान बाकीच्यांच्या तरी भरू देत. आणा ते पान."

"वहिनी, घाई करू नका. शुक्रवारपर्यंत वेळ आहे. तुम्ही गोरी शहरात मुलीकडं..."

"मुलीकडं तिसऱ्या मजल्यावर मी काय करू? खिडकीत बसून मोटारी मोजू? त्या मोजणीचा नाद तुम्हाला, मला नाही." तिने हात पुढे केला. "मी कुठंही जात नाही. मी सीमेकडं गेले नव्हते, ती माझ्या दारात आलीय. पाहुणी म्हणा हवं तर. आमच्या दारात आलेल्याला उठवायची पद्धत नाही."

अमिरानने पान खिशातून काढले. ते त्याने बरोबर का आणले होते, याचे उत्तर त्याने स्वतःला दिले नव्हते. नातेलाने पानावर नजरही टाकली नाही. ती वाकली, आणि पान निखाऱ्यांवर सोडले. कागद जुना आणि कोरडा होता. पेटायला दोन सेकंद लागले, राख व्हायला सहा. मग ती पाव काढू लागली, आणि पहिला पाव तिने त्याच्या हातात दिला. तो इतका गरम होता की अमिरानला तो या हातातून त्या हातात खेळवावा लागला.

"खा," ती म्हणाली. "आणि रडू नका. मीठ आधीच घातलंय."

शुक्रवारी सकाळी सिझोव झऱ्यावर आला. तार अजून लागायची होती, म्हणून त्याला येण्यास अडचण नव्हती, लागल्यावरही नसती. बरोबर दोन सैनिक होते. डबे भरणाऱ्या बायका बाजूला सरल्या. जुम्बेर लांब उभा राहून सिगारेट ओढू लागला. सिझोवने टोपी काढली, झऱ्याखाली ओंजळ धरली, तोंड धुतले आणि इकडे तिकडे पाहून अठराव्या दगडावर बसला.

"आणलं?"

"हरवलं," अमिरान म्हणाला.

"तुमच्यासारख्या माणसाकडून?"

"याआधी माझ्याकडून सहा दगड हरवले होते."

सिझोव हसला नाही. त्याने ओला हात दगडाच्या कडेवर टेकवला. त्याची बोटे उत्तरेच्या अंगाला, शेवाळावर होती. अमिरानला त्या बोटांकडे पाहायचे नव्हते, म्हणून त्याने त्याच्या सोललेल्या नाकाकडे पाहिले. नाक हे परिसरातले सर्वांत निरुपद्रवी ठिकाण होते.

"आजोबा, पानं हरवतात," सिझोव म्हणाला. "दगड हरवत नाहीत. वही माझ्याकडे आहे. सोळाव्यावरचा कोन माहीत आहे. अंतर माहीत नाही, पण गवत वाळलं की माणसं लावून शोधता येईल. मला घाई नाही. इथं आमच्यापैकी कुणालाच घाई नसते." त्याने ओठांवरचे पाणी जिभेने टिपले. "पाणी छान आहे. गोड आहे. कुणाच्याही लक्षात राहील असं."

तो उठला. त्याच्या विजारीला मागे हिरवा डाग पडला होता. बायकांतल्या एकीने तो पाहिला आणि तोंड फिरवले. अमिरानने दगडाकडे पाहिले. जिथे बोटे होती तिथले शेवाळ घासून निघाले होते, आणि आठच्या आकड्याचे खालचे वर्तुळ उघडे पडले होते.

सोमवारी तार लागली. खांब ताठ आणि सरळ होते. अमिरानच्या रेघेपासून एकही चार सेंटिमीटरपेक्षा जास्त ढळला नव्हता. सैनिकांनी काम उत्तम केले होते, असे त्याला मान्य करावे लागले. नातेला तारेच्या पलीकडे खुर्ची टाकून बसली होती, आणि प्रत्येक खांब पुरला गेला की मोठ्याने आकडा म्हणत होती.

"सत्तावीस! भाऊजी, लिहून घ्या! नाहीतर परत चाळीस वर्षांनी सांगाल!"

त्या आठवड्यात अमिरानने झऱ्यापासून तिच्या अंगणापर्यंतचे अंतर मोजले. एकशे चाळीस मीटर, आणि उतार अडीच मीटरचा. पंपाची गरज नव्हती. पाणी आपल्या वजनानेच जाईल. जुम्बेरने कुठून तरी बागेची नळी आणली, तुकडे तारेने बांधले आणि ती तारेखालून गवतातून सरकवली. "आम्ही वाकडे, पण नळी सरळ," एवढेच तो म्हणाला. काका पूर्वी सिझोवशी बोलले होते, याबद्दल त्याने अजून तोंड उघडले नव्हते. पण हल्ली तो अमिरानला 'काका' म्हणत नसे. गस्तीवाल्यांनी दोनदा नळी कापली. दोनदा ती पुन्हा जोडली गेली. तिसऱ्यांदा किती दिवस टिकेल, हे अमिरानने वहीत लिहिले नाही, कारण वही नव्हती.

उन्हाळा चढला आणि तारेपलीकडचे गवत पिवळे पडू लागले. रोज सकाळी, बायका यायच्या आधी, अमिरान झऱ्यावर जाई. आधी नळीचे तोंड बसवी. तारेपलीकडून नातेलाची हाक येई, "आलं, आलं!" मग तो ओंजळीत पाणी घेऊन अठराव्या दगडापाशी गुडघ्यावर बसे. शेवाळ दिवसाला किती वाढते याची त्याला पूर्वी माहिती नव्हती. आता होती. आठचे वर्तुळ अर्धे झाकले होते. चाळीस वर्षे दगडांवरचे शेवाळ खरवडून आकडे वाचणारा तो माणूस, आकड्याच्या खोबणीत थेंब थेंब पाणी सोडीत असे, आणि मान न वळवता उत्तरेच्या गवताकडे कान देत असे.